विहीणबाईंचे रविवारचे निमंत्रण

प्रश्न : माझे वय त्रेसष्ट. यांना जाऊन चौदा महिने झाले. वर्षश्राद्ध आटोपल्यावर मी लेकीकडे, इंग्लंडमध्ये डर्बीजवळ राहायला आले. जावई इंग्रज आहेत. त्यांच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, फार प्रेमळ आहेत. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, ‘मी स्पिरिच्युअलिस्ट आहे.’ मी आनंदाने सांगितले की आमचेही घर आध्यात्मिक, माहेरी पंढरीची वारी, सासरी रोज हरिपाठ. नंतर कळले की त्या दर रविवारी ज्या चर्चला जातात तिथे एक बाई गेलेल्या माणसांचे निरोप देते. आता त्या आणि माझी मुलगी मागे लागल्या आहेत की मी एकदा ‘सिटिंग’ला बसावे, ‘हे’ नक्की बोलतील. मुलगी वडिलांच्या शेवटच्या वेळी पोहोचू शकली नव्हती. तिने अंत्यदर्शन मोबाइलवरच घेतले. माझा भाऊ अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करतो. त्याला फोनवर सांगितले तर तो भडकला. मला मात्र काही ठरवता येत नाही. कऱ्हाडला दहाव्याच्या दिवशी पाऊण तास कावळा शिवत नव्हता. शेवटी दिरांनी हात जोडून ‘लेकीची काळजी करू नका, आम्ही आहोत’ असे म्हटले आणि कावळा शिवला, हे मी घाटाच्या पायरीवरून पाहिले आहे. पण गीता सांगते की आत्मा नवे शरीर घेतो. मग बोलायला येणार कोण? हे लोक नेमके मानतात तरी काय? मी जावे की जाऊ नये?

उत्तर :

आदरणीय ताई,

आपले पत्र वाचून प्रथम विहीणबाईंविषयीच आपलेपणा वाटला. पती गमावून परक्या मुलखात आलेल्या बाईला ‘चला, त्यांच्याशी बोलू या’ असे म्हणणारी व्यक्ती, तिची समजूत बरोबर असो वा चूक, मनाने कोरडी असू शकत नाही. पुढे मी जी असहमती व्यक्त करणार आहे ती त्यांच्या मताशी आहे, त्यांच्याशी नाही, एवढे आधी लक्षात घ्यावे.

आपल्या दोघींमधला घोटाळा एका शब्दाने केला आहे. इंग्रजीत ‘स्पिरिच्युअल’ हा शब्द आभाळाएवढा सैल आहे. ध्यान करणारा, देवळात जाणारा, डोंगरावर एकटा बसून शांत होणारा, असा कोणीही स्वतःला स्पिरिच्युअल म्हणवून घेतो. ‘स्पिरिच्युअलिस्ट’ हे मात्र एका विशिष्ट पंथाच्या अनुयायाचे नाव आहे. पंढरपूरला एकदा जाऊन आलेला प्रत्येक जण जसा वारकरी होत नाही, वारकऱ्याची माळ, एकादशी आणि नेम वेगळे असतात, तसेच हे आहे. ‘स्पिरिच्युअलिस्ट’ हा शब्दही कोणी सैल अर्थाने वापरतो, तेव्हा इंग्रजीत पहिले अक्षर मोठे लिहून हा फरक कागदावर दाखवता येतो. तो बोलताना ऐकू येत नाही आणि आपल्या लिपीत तर उमटतच नाही. जुन्या मराठी लेखनात या मताला परलोकविद्या असा शब्द आढळतो, तो मला अधिक नेमका वाटतो, कारण या पंथाचा सगळा भर परलोकावर आणि तिथल्या लोकांशी होणाऱ्या संभाषणावर आहे. आपण ज्याला अध्यात्म म्हणतो, म्हणजे ‘मी कोण’ याचा शोध, नामस्मरण, अहंकार गळून पडणे, त्याचा या पंथाच्या मूळ दाव्याशी फारसा संबंध नाही.

हा पंथ फार जुना नाही. १८४८ च्या मार्चअखेरीस अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात फॉक्स कुटुंबाच्या घरी रात्री ठकठक असे आवाज ऐकू येऊ लागले. मॅगी आणि केट या घरातल्या दोन धाकट्या मुली त्या आवाजाला प्रश्न विचारत आणि ठोक्यांच्या संख्येने उत्तर येई. त्या घरात मारल्या गेलेल्या एका फेरीवाल्याचा आत्मा बोलतो आहे, असे सांगितले गेले. काही वर्षांतच अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घरोघरी टेबलाभोवती माणसे अंधारात हात धरून बसू लागली. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, मॅगीने न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात भर सभेत सांगितले की तो आवाज पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढलेला होता, आणि तो काढूनही दाखवला. पुढच्याच वर्षी तिने तो कबुलीजबाब मागे घेतला. आपले बंधू पहिली घटना सांगतील, विहीणबाई दुसरी सांगतील. दोन्ही घडलेल्या आहेत.

हे लोक मानतात काय, याचे उत्तर सुदैवाने त्यांच्याच शब्दांत मिळते. ब्रिटनमधल्या परलोकवाद्यांची सर्वांत मोठी संघटना, स्पिरिच्युअलिस्ट्स नॅशनल युनियन, सात तत्त्वे मानते. एमा हार्डिंग ब्रिटन या बाईंनी ती एकोणिसाव्या शतकात मांडली आणि आपल्याला ती समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांच्या आत्म्याकडून मिळाली असे त्या सांगत. ओवेन १८५८ मध्येच वारले होते. ईश्वर सर्वांचा पिता आहे. माणसे परस्परांची भावंडे आहेत. गेलेल्या आत्म्यांशी संपर्क होतो आणि देवदूत मदतीला येतात. माणसाचा आत्मा अखंड राहतो. प्रत्येक जण आपल्या कर्माला स्वतः जबाबदार आहे. इथल्या बऱ्यावाईटाचे फळ पुढे मिळते. आणि कोणत्याही आत्म्याला प्रगतीचा मार्ग कधीच बंद होत नाही. ही यादी हरिपाठ म्हणणाऱ्या घरात मोठ्याने वाचली तर तिसऱ्या तत्त्वापाशी थोडे अडखळायला होईल. बाकीच्या सहांना माना डोलतील. कायमच्या नरकाची भीती घालणाऱ्या तेव्हाच्या ख्रिस्ती उपदेशाला कंटाळलेल्या माणसांना सातवे तत्त्व किती मोकळे वाटले असेल, याची कल्पना कर्मसिद्धान्तात वाढलेल्या आपल्यासारख्यांना सहजी येत नाही.

याच संघटनेने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती मला सातही तत्त्वांहून महत्त्वाची वाटते. या तत्त्वांचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने लावावा, अशी मुभा सदस्याला आहे. त्यामुळे ‘हे लोक काय मानतात’ या प्रश्नाला ठराविक उत्तर एका मर्यादेपर्यंतच मिळते आणि त्यापुढे ‘या बाई काय मानतात’ असेच विचारावे लागते. काही परलोकवादी येशूला केंद्रस्थानी ठेवतात आणि स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. इतर अनेकांच्या लेखी येशू हा थोर माणूस आणि फार तर थोर माध्यम, म्हणजे गेलेल्यांचे निरोप पोहोचवणारा. काहींच्या मते मृत्यूनंतर माणूस ज्या प्रदेशात जातो तो इथल्यासारखाच, बागा आणि घरे असलेला आहे, आणि त्याला त्यांच्यातले जुने लोक समरलँड, म्हणजे अक्षय उन्हाळ्याचा देश, असे म्हणत आले आहेत. (इंग्लंडचा हिवाळा आपण अजून पाहिला नसेल तर या नावाचे मर्म जानेवारीत ध्यानात येईल.) पुनर्जन्माच्या बाबतीत तर त्यांच्यात सरळ दोन घराणी पडली. इंग्रजी आणि अमेरिकी घराण्यातल्या बहुतेकांनी तो मानला नाही. एकदा इथे जन्मायचे आणि मग वर वर चढत राहायचे, अशी त्यांची धारणा. फ्रान्समध्ये मात्र अॅलन कार्देक या टोपणनावाने लिहिणाऱ्या शिक्षकाने १८५७ मध्ये आत्म्यांनी दिलेल्या उत्तरांचा म्हणून एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात पुनर्जन्म हाच पाया धरला. ते घराणे आज ब्राझीलमध्ये सर्वांत जोरात आहे. तिथल्या २०१० च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी आपला धर्म म्हणून त्याचे नाव सांगितले. आता गंमत अशी की इंग्लंडच्या आत्म्यांनी पुनर्जन्म नाही म्हणून सांगितले आणि फ्रान्सच्या आत्म्यांनी आहे म्हणून सांगितले. त्या बाजूचे लोकच तिथल्या व्यवस्थेबद्दल एकमताने बोलत नसतील, तर निरोप खरोखर तिकडूनच येतो का, ही शंका विचारायला अंधश्रद्धा निर्मूलनाचे सभासदत्व लागत नाही.

आता आपला सर्वांत धारदार प्रश्न घेतो. आत्म्याने नवे शरीर घेतले असेल तर बोलायला येणार कोण? हा प्रश्न विहीणबाईंना विचारण्याआधी आपल्या घरात विचारून पाहावा, असे मी सुचवतो.

आपल्या पतींच्या निधनाची जी पत्रिका छापली गेली असेल तिच्यावर त्यांच्या नावाआधी ‘कै.’ असेल, म्हणजे ते कैलासवासी झाले. घर वारकरी, तेव्हा समाचाराला आलेल्या कोणीतरी ‘माउलींच्या पायाशी गेले’ असेही म्हटले असेल. ते ऐकून आपण मान हलवली असेल. दहाव्याला ते कावळ्याच्या रूपाने किंवा कावळ्याच्या द्वारे घाटावर होते. बाराव्याला सपिंडीकरणात त्यांच्या पिंडाचे तीन भाग करून ते वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्या पिंडांत मिसळले आणि ते पितर झाले. आता दर भाद्रपदात त्यांच्या नावाने पान वाढले जाईल. आणि गीतेप्रमाणे जुने वस्त्र टाकून ते एव्हाना नवे वस्त्र ल्यालेही असतील. एका माणसाचे हे पाच पत्ते झाले, ताई. हे पाचही पत्ते आपल्या मनात एकाच वेळी राहत होते आणि त्यांचे आपसांत कधी भांडण झाले नव्हते. विहीणबाईंनी सहावा पत्ता पुढे केल्यावर भांडण सुरू झाले, ते तो पत्ता फार वेगळा आहे म्हणून नव्हे, तो परक्या हस्ताक्षरात आहे म्हणून.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आपल्या शास्त्रकारांनाही हा पेच दिसला होता. गेलेला जीव ज्या योनीत असेल त्या योनीला साजेशा रूपात श्राद्धाचे अन्न त्याला पोहोचते, देव झाला असेल तर अमृत होऊन आणि पशू झाला असेल तर गवत होऊन, असा खुलासा पुराणांत आहे. पटतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण खुलासा करावा लागला, याचा अर्थ प्रश्न कोणीतरी विचारला होता. चार्वाकांनी तर तो फार रोखठोक विचारला: इथे घातलेले अन्न परलोकी पोहोचत असेल, तर गावाला निघालेल्याच्या शिदोरीचे ओझे कशाला, घरीच कोणाला तरी जेवू घालावे. भावाच्या रागावर आपण नाराज आहात, पण त्याची परंपराही आपल्याच मातीतली आहे आणि विहीणबाईंच्या पंथाच्या कितीतरी शतके आधीची आहे, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्या कोड्याला भिडलेली एक व्यक्ती महाराष्ट्राच्या वाटेवरून गेलेली आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो. थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येची संस्था काढणाऱ्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट यांची पहिली भेट १८७४ मध्ये अमेरिकेतल्या अशाच बैठकांच्या जागी झाली. १८७९ मध्ये ते दोघे मुंबईत येऊन राहिले आणि नंतर त्यांनी मद्रासजवळ अड्यारला मुख्यालय केले. ब्लाव्हाट्स्कीबाईंचे म्हणणे असे की बैठकीत जे बोलते तो माणसाचा खरा आत्मा नव्हेच. जीव पुढे गेल्यावर मागे उरलेली ती टरफले असतात, जुन्या सवयीने बडबडणारी. परलोकवाद्यांना हे अर्थातच मुळीच आवडले नाही. मलाही ही टरफले मान्य नाहीत. पण पुनर्जन्म आणि बैठक ही दोन्ही एका पिशवीत कोंबायची तर किती आटापिटा करावा लागतो, ते यातून दिसते.

माझे स्वतःचे मत लपवून सल्ला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी वसतिगृहात असताना आम्ही चौघे जण परीक्षेच्या आधी प्लँचेट करत असू. पाटावर खडूने अक्षरे गोल काढायची, मध्ये वाटी उपडी घालायची, प्रत्येकाने एकेक बोट अलगद टेकवायचे आणि कोणा थोर पुरुषाला बोलवायचे. वाटी सरकत असे, हे मी शपथेवर सांगेन, आणि मी ती ढकलत नव्हतो हेही शपथेवर सांगेन. एका रात्री आमच्यातल्या वात्रट मुलाने सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायला लावून हळूच पाट अर्धा फिरवला. त्यानंतर वाटी जिथे जिथे गेली तिथे अक्षरे निरर्थक आली. पाट आधीसारखा असता तर त्याच जागांवर एक सरळ शब्द तयार झाला असता. म्हणजे वाटीला अक्षरे दिसत नव्हती. आम्हाला ती कुठे होती ते आठवत होते. खूप पुढे वाचनात आले की थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनी १८५३ मध्येच हे दाखवले होते. टेबल आपोआप फिरते असे म्हणणाऱ्यांच्या हातांखाली त्यांनी पुठ्ठ्याचे थर मऊ चिकटाने एकमेकांना लावून ठेवले आणि नंतर पाहिले, तर सर्वांत वरचा थर आधी सरकलेला होता; टेबल हातांना नेत नव्हते, हात टेबलाला नेत होते. बसलेली माणसे मात्र प्रामाणिक होती, यावर फॅराडे यांचा भर होता. माणूस खोटे न बोलताही चुकीचे सांगू शकतो, हे त्या पुठ्ठ्यांनी शिकवले, आणि विहीणबाईंच्या चर्चमधल्या माध्यमबाईंकडेही मी त्याच नजरेने पाहीन.

रविवारी तिथे काय होते ते आधी माहीत असलेले बरे, म्हणजे अंधार, मेणबत्त्या आणि टेबल उचलले जाणे अशी जी चित्रे आपल्या डोळ्यांपुढे असतील ती पुसली जातील. साधारणपणे उजेडातली, खुर्च्या मांडलेली साधी खोली असते. प्रार्थना होते, दोन-तीन भजने होतात, कोणीतरी थोडा वेळ प्रवचन करते. मग माध्यम, ज्याला ते मीडियम म्हणतात, उभे राहून समोरच्यांपैकी एकेकाकडे वळते: ‘मला निळ्या स्वेटरमधल्या बाईंकडे यायचे आहे, तुमचा आवाज ऐकू दे, माझ्याजवळ एक गृहस्थ आहेत, छातीचा काही त्रास झालेला, आपली वस्तू जागच्या जागी लागणारे, ओळख पटते का?’ समोरची व्यक्ती हो किंवा नाही म्हणते. शेवटी पुन्हा प्रार्थना आणि बहुधा चहा-बिस्किटे. आता ‘छातीचा काही त्रास’ आणि ‘वस्तू जागच्या जागी’ हे वर्णन आपण आपल्या वाड्यातल्या, आळीतल्या गेलेल्या पुरुषांना लावून पाहा, निम्म्यांना बसेल. जे बसते ते आपण घट्ट धरून ठेवतो, जे बसत नाही ते विसरतो, आणि होकार देताना आपला चेहरा तोंडाच्या आधी बोललेला असतो.

भाषेचाही एक मुद्दा आहे. १९२२ मध्ये सुप्रसिद्ध जादूगार हुडिनी यांना त्यांच्या दिवंगत आईचा निरोप मिळवून देण्यासाठी शेरलॉक होम्सचे लेखक सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नी अमेरिकेतल्या एका हॉटेलात, आत्माच आपला हात चालवतो या श्रद्धेने, लिहायला बसल्या. डॉयल पतिपत्नी दोघेही निष्ठावान परलोकवादी आणि हुडिनींचे तेव्हा स्नेही होते. पानेच्या पाने भरली. वर क्रॉसचे चिन्ह होते आणि मजकूर सुबक इंग्रजीत होता. हुडिनींची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते. परलोकवाद्यांकडे याचे उत्तर आहे. आत्मा शब्द पाठवत नाही, विचार पाठवतो आणि माध्यम तो आपल्या भाषेत मांडते, असे ते म्हणतात. ते उत्तर खोडून काढता येत नाही. तरीही ज्या माणसाने चाळीस वर्षे आपल्याला एका ठराविक हाकेने हाक मारली, तो डर्बीशायरच्या इंग्रजीत येऊन ‘तिला सांगा, मी सुखात आहे’ एवढेच म्हणाला, तर आपल्या कानांना ते कसे वाटेल, याचा आधीच विचार करून ठेवावा.

आपल्या पत्रात सर्वांत जास्त वेळ मी ज्या वाक्यापाशी थांबलो ते मात्र मुलीबद्दलचे आहे. हा पंथ ब्रिटनमध्ये एकदा फार मोठा झाला, तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. लाखो मुले फ्रान्स आणि बेल्जियमच्या मातीत पुरली गेली. त्यांचे देह मायदेशी आणायला सरकारने मनाई केली होती, त्यामुळे आईबापांना ना चेहरा पाहता आला, ना मूठभर माती टाकता आली. सर ऑलिव्हर लॉज हे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा रेमंड सप्टेंबर १९१५ मध्ये मारला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्याच्याशी झालेल्या कथित संभाषणांचे पुस्तकच छापले. बुद्धीची कमतरता नव्हती. शेवटचे दर्शन झाले नव्हते. आपल्या लेकीने वडिलांना मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, बहुधा कोणाचा तरी हात थरथरत असताना, आणि मग पडदा बंद झाला. सिटिंगचा आग्रह ती आपल्यासाठी धरते आहे असे तिला वाटत असेल. मला वाटते, ती स्वतःसाठी धरते आहे. आपण दहाव्याला घाटावर होता, दिरांचे शब्द ऐकले, कावळा पाहिला. ‘लेकीची काळजी करू नका’ हे वाक्य ज्या लेकीसाठी उच्चारले गेले, तिला ते कोणी सांगितले आहे का? आणि त्या शेवटच्या आठवड्यात ते काय बोलले, काय खाल्ले, कोणाची आठवण काढली, औषधाला नको कसे म्हणाले, हे सारे तिने सलग कधी ऐकले आहे का? तिच्या वडिलांविषयी खात्रीचा निरोप देऊ शकणारे माणूस आज त्या घरात एकच आहे, आणि ते सिटिंगची वाट पाहत बसले आहे.

म्हणून सल्ला असा. लेकीला प्रथम आपण बसवावे, एक संध्याकाळ सवडीने, आणि हे सर्व सांगावे. कावळ्याचा प्रसंगही सांगावा. त्याचा अर्थ काय लावायचा ते तिचे तिला ठरवू द्यावे, जसे विहीणबाईंची संघटना आपल्या सदस्यांना ठरवू देते. (आपले बंधू दहाव्याला तिथे उपस्थित होते का, आणि असल्यास त्यांचे हात तेव्हा कुठे होते, याची मला विनाकारण उत्सुकता आहे. आमच्या ओळखीचे एक कट्टर विवेकवादी अशा वेळी कावळ्याकडे इतक्या आर्जवाने पाहत होते की पुरोहितांनाही गहिवरून आले.)

रविवारच्या प्रार्थनेला आपण खुशाल जावे. विहीणबाईंच्या देवघरात पाहुणी म्हणून बसल्याने आपल्या गळ्यातली माळ तुटत नाही. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे ३९ हजार लोकांनी हा आपला धर्म म्हणून लिहिला होता. एवढ्या लहान पंथातल्या बाईला आपल्या चर्चमध्ये सुनेची आई घेऊन जाता आली तर किती बरे वाटेल, ते आपण समजू शकाल. जाण्यापूर्वी त्यांना, त्या ‘स्पिरिच्युअलिस्ट’ आहेत हे बाजूला ठेवून, साधे प्रश्न विचारावेत: तुमची गेलेली माणसे तिथे काय करत असतील असे तुम्हाला वाटते, ती कंटाळत नाहीत का, तुम्ही गेल्यावर त्यांना भेटणार आहात का, आणि एखादा निरोप चुकीचा निघाला तेव्हा तुम्ही काय केले? पुस्तकातल्या सात तत्त्वांपेक्षा या उत्तरांतून त्यांचा धर्म आपल्याला अधिक कळेल. त्या आपल्यालाही तसेच विचारतील, आणि मग पाच पत्त्यांचा हिशेब इंग्रजीत देताना आपली जरा धांदल उडेल, त्याला इलाज नाही.

खासगी सिटिंगला निदान सध्या तरी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौदा महिने हा काळ वाटतो तेवढा मोठा नसतो. मुलीच्या आग्रहापुढे जावेच लागले, तर पतींचे नाव, आजार, गाव यांतले काहीही आधी कळवू नये; ज्या बाई विहीणबाईंना वर्षानुवर्षे ओळखतात त्यांच्याकडे तर बसूच नये, कारण चहाच्या टेबलावर कोणत्याही हेतूशिवाय बरेच काही सांगून झालेले असते. विचारले तेवढ्याला हो किंवा नाही म्हणावे. कऱ्हाडचे घर, मुदत ठेवी, कोणाशी जुना अबोला, यांपैकी कशाचाही निर्णय तिथे ऐकलेल्या शब्दांवर घेऊ नये. ‘पुन्हा या, त्यांना अजून बोलायचे आहे’ असे ऐकू आले आणि त्याबरोबर पुढच्या भेटीची फीही सांगितली गेली, तर उठावे. इंग्लंडमध्ये फसव्या माध्यमांविरुद्ध १९५१ पासून वेगळा कायदाच होता. २००८ मध्ये तो रद्द होऊन हा विषय ग्राहक संरक्षणाच्या नियमांकडे गेला, म्हणजे कायद्याच्या नजरेत आपण तिथे शिष्य नसून गिऱ्हाईक आहात.

नकार देताना धर्माचे किंवा विज्ञानाचे कारण पुढे करू नये. दोन्हींवर वाद होतो. ‘तुम्ही मला बोलावलेत हे मी विसरणार नाही, पण आमच्या घरी त्यांच्यासाठी जे करायचे ते आम्ही भाद्रपदात करतो, आणि या वर्षी तुम्ही आमच्याकडे जेवायला यावे,’ एवढे लेकीकडून नीट इंग्रजीत सांगवून घ्यावे. पितृपंधरवड्याच्या खिरीला आणि वड्यांना नाही म्हणणारी विहीण माझ्या तरी पाहण्यात नाही.

बंधूंना कळवायचेच असेल तर रविवारी परतल्यावर कळवावे. जाण्यापूर्वी कळवल्यास फोन निदान पाऊण तास चालेल आणि चर्चची वेळ टळून जाईल.